वर्गातला बॅलन्स जुळेना, कारखान्यातला लगेच जुळला. माझं चुकतंय कुठं?

उसाचं_पोरगं

नमस्कार सगळ्यांना. मी केमिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर सोलापुरात विजापूर रोडला. मटेरियल अँड एनर्जी बॅलन्स, म्हणजे आत आलेलं वजन अन् हीट बाहेर गेलेल्याशी जुळवायची, हा विषय खरं सांगायचं तर मागच्या सेमला निघालाच नाही, बॅक राहिलाय. घरी अजून नीट सांगितलेलं नाही त्यामुळं कुणी ओळखलंत तरी गप्प बसा ही विनंती.

गड्डा यात्रेच्या सुट्टीत मामांच्या ओळखीनं एका साखर कारखान्यात आठ दिवस ट्रेनिंगला गेलो होतो, म्हटलं डोळ्यानं बघितलं की डोक्यात शिरंल. आता माझ्याकडं दोन गणितं आहेत, एक वर्गातलं अन् एक कारखान्यातलं, आणि दोन्हीत उलटंच झालंय.

वर्गातलं असं. एकच इव्हॅपोरेटर (रस उकळून आटवायचं भांडं), रस ४०,००० किलो तासाला, १५ ब्रिक्स (म्हणजे १०० किलोत १५ किलो साखर धरायची), ९० डिग्रीला आत येतो. सिरप ६० ब्रिक्सचा पाहिजे. १०० डिग्रीला उकळतो, स्टीम १२० डिग्रीची सॅच्युरेटेड. स्टीम किती लागंल? मटेरियलचं मला जमलं, साखर आत ६,००० म्हणजे बाहेर पण ६,०००, म्हणून सिरप १०,००० आणि उडालेलं पाणी ३०,०००. पुढं एनर्जीत अडकलो. रेफरन्स, म्हणजे हीट जिथनं शून्य धरून मोजायची ते तापमान, २५ डिग्री घेतला कारण सरांनी सगळीकडं २५ च घेतलंय. रसाची हीट ४०,००० गुणिले ३.८१ गुणिले ६५, सिरपची १०,००० गुणिले २.६८ गुणिले ७५, आणि वाफेची एन्थाल्पी (किलोमागं असलेली हीट) स्टीम टेबलमधनं २६७६ उचलली. बाहेरचं वजा आतलं केलं, २२०२ नं भागलं (एक किलो स्टीमचं पाणी होताना सुटणारी हीट), उत्तर आलं ३२,८७२ किलो. नोट्समध्ये ३१,४४० च्या आसपास दिलंय. चार वेळा केलं, कॅल्क्युलेटर बदलून पण केलं.

कारखान्यातलं मात्र पहिल्या झटक्यात जुळलं! तिथं चार बॉडीचा सेट आहे, म्हणजे एकामागं एक जोडलेले चार इव्हॅपोरेटर. क्लिअर ज्यूस तासाला १२० टन, १५ ब्रिक्स. सिरप ३० टन, ६० ब्रिक्स. कंडेन्सेटच्या (थंड होऊन पाणी झालेल्या वाफेच्या) कॉमन टाकीला मीटर आहे त्यावर तासाला ९१ टन. म्हणजे आत १२०, बाहेर ३० अधिक ९१ बरोबर १२१. एक टन इकडंतिकडं, एक टक्का पण नाही. मी रिपोर्टमध्ये छान डायग्राम काढून "मटेरियल बॅलन्स क्लोज झाला" असं लिहून ठेवलंय.

तर मुद्दा असा की जुनाट मीटर असलेल्या कारखान्यात जुळतंय मग वर्गातल्या सरळ गणितात का नाही? नोट्समधलं उत्तरच चुकलंय का?

---

पाणी_पाचव्या_दिवशी

नोट्स चुकल्यात म्हणून चार वेळा करून बघितलंस, एकदा तरी रेफरन्स बघितलास का बे? स्टीम टेबल काय २५ डिग्रीपासनं सुरू होतंय व्हय?

---

टॉवेलवाली_ताई

वरच्यांनी टोमणा मारला पण बरोबर जागी मारलाय, मी जरा नीट सांगते.

भावा, स्टीम टेबल करणाऱ्यांनी शून्य डिग्रीच्या पाण्याला शून्य धरलेलं असतं. म्हणजे तू उचललेला २६७६ हा शून्यापासनं मोजलेला आकडा आहे आणि रस अन् सिरप तू २५ पासनं मोजलेत. हे म्हणजे तिघं भाऊ उंचीला उभे केले आणि त्यातल्या एकालाच ओट्यावर चढवलं असं झालं, तो मोठा दिसणारच की.

आता गंमत बघ. तुझ्या ३०,००० किलो पाण्याची ० ते २५ डिग्रीची हीट किती? ३०,००० गुणिले ४.१८७ गुणिले २५ म्हणजे ३१.४० लाख किलोज्यूल. त्याला २२०२ नं भाग. १,४२६ किलो स्टीम. आणि तुझ्या उत्तरातनं नोट्सचं उत्तर वजा कर, तेवढाच फरक येतोय. म्हणजे तू कॅल्क्युलेटर बदलायची गरज नव्हती 😄

सगळंच शून्यापासनं घेऊन बघू. रस आत, ४०,००० × ३.८१ × ९० म्हणजे १३७.१६ लाख. वाफ बाहेर, ३०,००० × २६७६ म्हणजे ८०२.८० लाख. सिरप बाहेर, १०,००० × २.६८ × १०० म्हणजे २६.८० लाख. फरक ६९२.४४ लाख, भागिले २२०२, आलं ३१,४४६. पाचसहा किलो इकडंतिकडं ते राउंडिंगचं.

मला विचारशील तर परीक्षेत एवढं पण करू नकोस. रस ९० चा १०० डिग्री कर, मग त्यातलं ३०,००० किलो पाणी उडव. १५.२४ लाख अधिक ६७७.१० लाख, संपलं. हीट कुठल्या रस्त्यानं गेली ह्याचं एन्थाल्पीला काही पडलेलं नसतं, सुरुवात अन् शेवट सारखा असला की झालं, त्यामुळं आपल्याला सोपा पडंल तो रस्ता आपण धरायचा.

आणि रेफरन्स कुठलापण घेतला तरी उत्तर तेच का येतं हे एकदा स्वतः करून बघ. सगळ्यांना २५ नं खाली ढकललं तर आतल्या बाजूला ४०,००० किलोचं जेवढं कमी होतं तेवढंच बाहेरच्या ३०,००० अन् १०,००० चं मिळून कमी होतं, म्हणून कटतं. म्हणजे वजनाचा बॅलन्स आधी जुळलेला असंल तरच रेफरन्स कटतो. वजन चुकलं की रेफरन्स बदलला की उत्तर बदलतं. मी तर हे चेक म्हणून वापरते, दोन वेगळ्या रेफरन्सनं करते, उत्तर वेगळं आलं की समजायचं वजनात घोळ आहे नाहीतर तुझ्यासारखी मिसळ झालीय.

---

निवृत्त_केमिस्ट

ताईंनी पहिल्या गणिताचं फार चांगलं सांगितलं. त्यावर मी काही बोलत नाही. मी आयुष्य साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढलं आहे, म्हणून मला तुझ्या दुसऱ्या गणिताची जास्त काळजी वाटते आहे. ते जुळलेलं नाही. जुळल्यासारखं दिसतं आहे.

बाळा, तुला तो ९१ टनाचा आकडा कशाचा आहे हे कुणी सांगितलं का? तू धरलंस की ते सगळं रसातून उडालेलं पाणी आहे. तसं नाही. चार बॉडीचा सेट डोळ्यासमोर आण. पहिल्या बॉडीच्या कॅलेंड्रियाला, म्हणजे रस तापवणाऱ्या नळ्यांच्या भागाला, टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली एक्झॉस्ट स्टीम मिळते. रस नळ्यांच्या आतून, स्टीम नळ्यांच्या बाहेरून, दोघांची भेट कधीच होत नाही. स्टीम बाहेरच्या बाहेर थंड होऊन पाणी होते आणि खालून निघून जाते. हे पाणी बॉयलरचं, रसाचा त्याच्याशी काही संबंध नाही. रसातून जी वाफ निघाली ती दुसऱ्या बॉडीच्या कॅलेंड्रियात जाते आणि तिथं तिचं पाणी होतं. दुसरीची वाफ तिसरीत, तिसरीची चौथीत. आणि चौथीची? ती कंडेन्सरला जाते, थंड पाण्याच्या धारेत मिसळते आणि स्प्रे पॉन्डला, म्हणजे पाणी फवारून थंड करायच्या तळ्यात, जाऊन पडते. तुझ्या कॉमन टाकीत ती येतच नाही.

म्हणजे टाकीतले ९१ टन म्हणजे एक्झॉस्ट स्टीम, अधिक पहिल्या तीन बॉडींची वाफ. रसातून उडालेलं पाणी म्हणजे चारही बॉडींची वाफ. तू एका टोकाला बाहेरचा माणूस आत घेतलास आणि दुसऱ्या टोकाला घरचा माणूस मोजायचाच विसरलास, आणि दोघांचं वजन जवळजवळ सारखं निघालं म्हणून बेरीज जुळली. साध्या चार बॉडीच्या सेटमध्ये प्रत्येक बॉडी ढोबळमानानं सारखंच पाणी उडवते, तुझ्या ९० टनाचे चार भाग केले तर २२-२३ टन. एक्झॉस्ट पण तेवढीच, थोडी वर. म्हणून.

ह्याला मी चोरून जुळलेला बॅलन्स म्हणतो. न जुळलेला बॅलन्स फार प्रामाणिक असतो, तो तुला शोधायला लावतो. हा दुसरा माणसाला झोपवतो.

मला स्वतःला ह्यानं एकदा चांगलंच झोपवलं होतं. कारखान्याचं नाव सांगत नाही. साखरेच्या हिशेबात बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) गेलेली, प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) गेलेली, मळीत गेलेली आणि पोत्यात भरलेली अशी सगळी साखर मांडून जे उरतं त्याला आम्ही अननोन लॉस म्हणतो. एका हंगामात आमचा अननोन लॉस इतका सुंदर येत होता की साहेब खूश, आम्ही खूश. मग मध्येच एका पंधरवड्यात तो मायनस आला. मायनस! म्हणजे कारखान्यानं हवेतून साखर तयार केली. तेव्हा कुठं शोधाशोध सुरू झाली. रसाच्या वजनाची टाकी रिकामी होत असताना वरचा व्हॉल्व गळत होता, तेवढा रस न मोजताच पुढं निघून जायचा. म्हणजे रस कमी दिसायचा, आत आलेली साखर कमी दिसायची. आणि ही गळती नवी नव्हती, हंगामाच्या सुरुवातीपासूनची होती. एवढे दिवस खरा लॉस आणि न मोजलेला रस एकमेकांना झाकत होते. गळती वाढली तेव्हा पितळ उघडं पडलं.

तुझ्या रिपोर्टमधलं ते वाक्य आज रात्रीच खोड.

---

उसाचं_पोरगं

ताई थँक्यू, पहिलं एकदम क्लिअर झालं. दोन रेफरन्सनं करून बघितलं, ० नं अन् १०० नं, १०० घेतला तर सिरपची हीट शून्यच येते, लई सोपं पडलं.

काका तुमचं वाचून पोटात गोळा आला. पण एक शंका आहे. उडालेलं पाणी ९० आणि कंडेन्सेट ९१, चुकीच्या गोष्टी मोजून जर उत्तर एक टक्क्यात येत असंल तर प्रॅक्टिकलला काय बिघडलं? आणि दुसरं, तिथले शिफ्ट केमिस्ट म्हणाले होते की त्या दिवशी ब्लीडिंग बंद आहे, पॅन (साखरेचे दाणे पाडायची भांडी) डायरेक्ट एक्झॉस्टवर घेतलेत आणि पॅनचं कंडेन्सेट वेगळ्या टाकीला जातंय. मला ब्लीडिंग म्हणजे तेव्हा कळलं नव्हतं, हो हो म्हणालो. त्याचा काही संबंध आहे का?

---

निवृत्त_केमिस्ट

संबंध आहे म्हणजे काय, तेवढ्यावरच तर तुझी बेरीज तरली!

ब्लीडिंग म्हणजे पहिल्या-दुसऱ्या बॉडीच्या वाफेतली काही वाफ पुढच्या बॉडीला न देता बाहेर काढायची आणि तिच्यावर ज्यूस हीटर, पॅन चालवायचे. आता तुझेच आकडे घेऊन बघू. समज पहिल्या बॉडीतून २० टन आणि दुसऱ्या बॉडीतून १२ टन ब्लीड केली. चौथीची वाफ क्ष. तिसरीची पण क्ष. दुसरीची क्ष अधिक १२. पहिलीची क्ष अधिक ३२. बेरीज ९० पाहिजे, म्हणजे चार क्ष अधिक ४४ बरोबर ९०, क्ष आला साडेअकरा. पहिली बॉडी साडेत्रेचाळीस टन उडवते, म्हणून एक्झॉस्ट पण साधारण तेवढी. आता कुठं साडेत्रेचाळीस आणि कुठं साडेअकरा. त्या दिवशी ब्लीडिंग चालू असतं आणि सगळं कंडेन्सेट त्याच टाकीत येत असतं तर तुझा मीटर १२२ दाखवता आणि रसापेक्षा जास्त पाणी बघून तू घाबरला असतास. बरं झालं असतं एका अर्थी.

आणि ब्लीडिंग करायचं कशाला ते पण ह्याच आकड्यात आहे. ब्लीडिंग नसताना सेटला साडेबावीस आणि हीटर-पॅनला वेगळी ३२, एकूण साडेचोपन्न टन स्टीम. ब्लीडिंग असताना फक्त साडेत्रेचाळीस. तासाला ११ टन वाचली. पहिल्या बॉडीतून काढलेल्या वाफेचा पाव भाग वाचतो आणि दुसऱ्या बॉडीतून काढलेल्या वाफेचा अर्धा. २० चे ५ आणि १२ चे ६. जेवढ्या पुढच्या बॉडीतून काढाल तेवढी बचत जास्त, पण वाफ तेवढी थंड होत जाते, मग पॅनला ती पुरत नाही. ह्या ओढाताणीवर आमची भांडणं व्हायची.

ही सगळी युक्ती नॉर्बर्ट रिलियो नावाच्या माणसाची. १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जन्मलेला, १८४३ साली अमेरिकेत पेटंट मिळवलं. त्याच्या आधी तिकडं उघड्या कढयांच्या रांगेत रस आटवायचे, आपल्या गुऱ्हाळासारखंच. आपल्याकडं काहिलीतून उठणारी वाफ आभाळात जाते, बघायला छान दिसते, पण प्रत्येक किलोमागं २२५७ किलोज्यूल उडून जातात. रिलियोनं तीच वाफ पकडून पुढच्या भांड्याखाली लावली, आणि पुढच्या भांड्यात व्हॅक्यूम ठेवला म्हणजे तिथला रस कमी तापमानाला उकळेल. एक किलो स्टीमवर चार बॉडीत जवळजवळ चार किलो पाणी. बस, एवढंच.

तुझा पहिला प्रश्न, काय बिघडलं. उद्या तुला कुणी विचारलं, स्टीम कमी कशी करू, तर तुझ्या डायग्राममध्ये स्टीम आहेच कुठं? बाउंड्री कुठून काढलीस ते सांग बघू. रसाभोवती काढलीस तर स्टीम बाहेर, चौथीची वाफ आत. सगळ्या सेटभोवती काढलीस तर आत येणारे दोन, रस आणि स्टीम. बाहेर जाणारे तीन, सिरप, कंडेन्सेट, आणि कंडेन्सरकडं गेलेली वाफ. पेन्सिलनं ती रेघ आधी काढायची, रेघ ओलांडणारा प्रत्येक पाइप मोजायचा, मग आकडे. तू आकडे आधी गोळा केलेस.

---

बॉयलर_नाईटशिफ्ट

काकांनी वाफेचं सांगितलं मी जळणाचं सांगतो, आमच्याकडं बॉयलरवर बसलं की हाच हिशोब दिसतो.

१०० टन उसात फायबर समजा १४ टन. मिलमधनं निघालेल्या बगॅसमध्ये फायबर ४८ टक्के. तर बगॅस किती, १४ भागिले ०.४८, २९ टन. फायबर कुठं जात नाही येत नाही, आत जेवढं तेवढंच बाहेर, त्यामुळं बगॅसचं वजन न करता पण कळतं. मिलला पाणी ३० टन मारलं तर आत १३०, बगॅस २९ गेलं, रस १०१. एवढ्याला काट्याची पण गरज नाही.

आता २९ टन बगॅसवर आमच्या जुन्या बॉयलरवर टनाला २.२ टन स्टीम धरली तर ६४ टन. आणि १०० टन रसातनं ७५ टन पाणी उडवायचंय. पोराच्या वर्गातल्या गणितासारखी एकच बॉडी असती तर ७८-७९ टन स्टीम लागली असती, म्हणजे सगळा बगॅस जाळून पण नुसता रससुद्धा आटला नसता, पॅन अन् मिलची टर्बाइन तर लांबच राहिली. लाकडं आणावी लागली असती. चार बॉडीमुळं १९-२० टनात भागतंय, म्हणून बगॅस उरतो अन् वीज विकता येते. वर्गात हे सांगत नाहीत, नुसतं एक्स काढा म्हणतात.

आणि अजून एक. बगॅस निम्मा पाणीच असतो. ते पाणी पण भट्टीत उडवावं लागतं, ती हीट सरळ चिमणीतनं वर. मिलवाल्यांनी बगॅस ओला सोडला की शिव्या आम्हाला, प्रेशर पडलं म्हणून. दरवर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाला हार-तुरे, सत्यनारायण, फोटो सगळं होतं, त्याऐवजी मिलच्या मॉइश्चरकडं बघितलं तर जास्त पुण्य लागंल.

---

टॉवेलवाली_ताई

मॉइश्चरवरनं आठवलं. दादा तुमचा निम्मा आणि आमचा निम्मा वेगळा असतो हं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसला आहे. आमच्याकडं पाण्याचे टक्के कोरड्या कापडावर सांगतात. हायड्रोमधनं (गरगर फिरवून पाणी काढायच्या मशीनमधनं) टॉवेल ६५ टक्क्यांवर निघाला म्हणजे १०० किलो कोरड्या टॉवेलवर ६५ किलो पाणी. ड्रायरमधनं साडेआठ टक्क्यांवर काढायचा, कापसाचा रिगेन, म्हणजे कापूस हवेतनं धरून ठेवतो तो ओलावा, तेवढा धरतात. म्हणजे उडवायचं साडेछप्पन किलो. आमच्याकडं एक नवीन इंजिनिअर आला होता, त्यानं ६५ टक्के म्हणजे ओल्या वजनातले ६५ असं धरलं. मग १०० किलो कोरड्यावर पाणी झालं १८६ किलो, ड्रायर निघाला तिपटीहून मोठा, कोटेशनपण मागवलं होतं बिचाऱ्यानं. बगॅसचे ५० टक्के हे ओल्या वजनातले, आमच्या भाषेत ते १०० टक्के झाले असते. तर पोरा, टक्के दिसले की पहिलं विचारायचं, कशाचे टक्के.

बाकी कोरडा टॉवेल, फायबर, ब्रिक्स हे सगळे एकाच कामाचे. जे आत येतं आणि न बदलता बाहेर जातं ते आधी धरायचं, बाकीचे त्याच्या मागनं येतात. तू पहिल्या गणितात साखर धरलीस तेच.

---

पाणी_पाचव्या_दिवशी

मी टोमणा मारून गेलो होतो पण थ्रेड लई भारी झालाय म्हणून परत आलो.

एक राहिलं. पोरानं रीडिंग एक तासाचं घेतलंय. त्या तासात सिरपच्या टाकीची लेव्हल वर गेली का खाली आली बघितली का? आत वजा बाहेर बरोबर जमा. आपल्याकडं नळाला पाणी येतं त्या दिवशी बघ की, टाकी, पिंप, घागरी, बादल्या, पातेली सगळं भरायचं, त्या दोन तासात आत लई अन् बाहेर काहीच नाही. पुढचे दिवस आत शून्य अन् बाहेर चालूच. एका तासाचं मीटर बघून म्हटलं की ह्या घरात पाणी नाहीसं होतंय तर चालंल का? पुढचं पाणी येईपर्यंतचं सगळं धरलं तर आत-बाहेर बरोब्बर. पुस्तकात स्टेडी स्टेट लिहिलेलं असतं म्हणून जमा शून्य धरता येतं, कारखान्यात ते तपासावं लागतं. आमच्या आईला हे इंजिनिअरिंग न करता येतंय, कुठल्या घागरीचं पाणी कधी संपणार हे तिला तोंडपाठ आहे.

---

उसाचं_पोरगं

काका, रिपोर्टमधलं ते वाक्य खोडलं. पण चौथ्या बॉडीची वाफ मोजायची कशी? ती तर कंडेन्सरच्या पाण्यात मिसळते, तिथं कुठला मीटर लावणार?

---

निवृत्त_केमिस्ट

आता तू खरा प्रश्न विचारलास. वजनानं मोजता येत नाही तर हीटनं मोज.

चौथी बॉडी साधारण ५५ डिग्रीला उकळत असेल. त्या वाफेची एन्थाल्पी टेबलात बघ, २६०० च्या जवळ आहे. कंडेन्सरमधून खाली पडणारं पाणी समज ४५ डिग्रीचं, त्याची १८८. म्हणजे वाफेचा प्रत्येक किलो २४१२ किलोज्यूल सोडतो. थंड पाणी ३२ ला आत आलं आणि ४५ ला बाहेर पडलं तर प्रत्येक किलो ५४.४ घेतो. भाग दे, एक किलो वाफेला ४४ किलो पाणी. तुझ्या २३ टन वाफेला तासाला हजार टनाच्या वर पाणी फिरवावं लागतं, म्हणून तो स्प्रे पॉन्ड एवढा मोठा. थर्मामीटर दोन आणि पाण्याचा फ्लो, एवढ्यावर चौथीची वाफ निघते. इथं सगळे आकडे टेबलातले शून्यापासूनचेच आहेत, बघितलंस ना?

---

उसाचं_पोरगं

मामांकडनं त्याच शिफ्टच्या लॉगशीटचा फोटो मागवला. त्यांनी आधी विचारलं कशाला पाहिजे, म्हटलं अभ्यासाला, तर बराच वेळ काही बोललेच नाहीत.

एक्झॉस्ट स्टीम तासाला २४.३ टन. कंडेन्सरचं पाणी आत ३२, बाहेर ४५ डिग्री, तुम्ही म्हणाला तसंच. पंपाचा फ्लो १,००० टन. त्यावरनं चौथीची वाफ १,००० गुणिले ५४.४ भागिले २४१२ म्हणजे २२.६ टन. कंडेन्सेट ९१ मधनं २४.३ वजा केले, पहिल्या तीन बॉडींची वाफ ६६.७. अधिक २२.६ म्हणजे ८९.३. आणि ब्रिक्सवरनं पाहिजे ९०. सिरप टाकीची लेव्हल पण बघितली, तासाच्या सुरुवातीला अन् शेवटी सारखीच लिहिलीय.

म्हणजे ०.७ टन कमी पडतंय. आधी एक टनाचा फरक होता अन् मी खूश होतो, आता त्याच्यापेक्षा कमी फरक आहे आणि मला झोप येईना. रेडिएशन लॉस धरायचा का? का कंडेन्सेटमधली फ्लॅश, म्हणजे गरम कंडेन्सेटमधनं परत उडणारी वाफ?

---

निवृत्त_केमिस्ट

ते दोन्ही नंतर. पंपाचे १,००० टन मोजलेले आहेत का पंपावरच्या पाटीवर लिहिलेले?

---

उसाचं_पोरगं

…पाटीवरचे आहेत काका. लॉगशीटला दर तासाला १,००० च लिहिलंय, आठही तास.

---

निवृत्त_केमिस्ट

मग रविवारी परत जा. जाताना थर्मामीटर स्वतःचा ने.